दीड मिलिमीटर

माझ्याकडे तोंडं येत नाहीत.
ठसे येतात, निळ्या रबरात दाबलेले,
पिशवीवर नाव, वय, दातांचा रंग.
मी प्लास्टर ओततो, चहा होईपर्यंत थांबतो,
ठोकून काढतो एकेक जबडा.
डेचीनमध्ये एकवीस वर्षं हेच.
खिडकीबाहेर लाबे नदी, पलीकडे वाळूच्या दगडाचे कडे,
आत फळीवर म्हाताऱ्यांची हसू वाळत ठेवलेली.

या पिशवीवर वय होतं २९.
मला वाटलं, आकडे उलटे पडलेत.
फोन केला. डॉक्टर हाव्रानकोव्हा म्हणाल्या,
बरोबर आहे. पेर्विटिन.
आणि ठेवला. आमच्याकडे एवढं पुरतं.

प्लास्टर मात्र बोलत राहिलं.
दाढा सपाट.
कुणी रात्र रात्र जातं ओढलेलं,
दाणा न घालता.
पुढचे चार हिरडीपाशीच संपलेले,
जुन्या धक्क्याचे खुंट कुजतात ना
पाण्याच्या रेषेवर, तसे.
पण पाणी कुठे होतं? तेच तर आटलं होतं आधी.
लाळ गेली की दात उघड्यावर पडतात,
कुणी न घेतलेल्या धुण्यासारखे.
आणि त्या कोरड्या जिभेला ती पाजत होती
गोड पिवळा सोडा, दोन-दोन लिटर,
तीन-तीन दिवस जागी,
ब्रश कुणाच्या घरी राहिला ते न आठवता.
शेवटचा सुळा तुटला तो
दुधात बुडवलेल्या पावाने.

हे मला तिच्या आईने सांगितलं.
यिर्शिना. कपड्यांच्या कारखान्यात पाळ्या करते.
सहा वर्षं लेकीला विनवत
दाताच्या कण्या केल्या तिने.
कण्या झाल्या लेकीच्या.

बरोबर फोटो आणलेला.
पंधरा वर्षांची शार्का, ओले केस, पोहण्याची शर्यत,
पदक दातांत धरलेलं,
आणि पुढच्या दोन दातांमध्ये फट,
दीड मिलिमीटर, मी मोजली.
डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं: फट नको.
बरोबरच आहे, अन्न अडकतं, सगळेच बुजवून मागतात.

शार्का आली एका मंगळवारी.
तोंडावर हात ठेवून बोलत होती,
बोटांतून आलेला आवाज, जुन्या रेडिओसारखा.
चौदा महिने झाले, म्हणाली.
कशाला ते मी विचारलं नाही.
रंगांची पट्टी पुढे केली,
तिने सर्वांत पांढरा ओलांडला,
दुसरा, तिसराही.
जरा पिवळट द्या. खोटं वाटायला नको.
मग फोटोवर बोट ठेवून,
आणि हे.

मेण गुलाबी असतं, ऊब लागली की ऐकतं.
रात्री अकरापर्यंत बसलो.
दोन दात जवळ आणले, लांब केले,
पुन्हा जवळ.
सोडून दिलेली जागा भरलेल्या जागेपेक्षा
अवघड असते करायला.
डॉक्टरांना सकाळी सांगितलं.
त्या म्हणाल्या, तुझ्या जबाबदारीवर.

कवळी बसवली की आम्ही आकडे मोजायला लावतो.
साठ, एकसष्ट, बासष्ट,
तिचा हात खाली मांडीवर, मुठीत,
त्रेसष्ट, चौसष्ट.
सहासष्टला शीळ वाजली.
बारीक, फटीतून निसटलेली.
आई दाराकडे वळली, पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.
शार्का पुन्हा म्हणाली, सहासष्ट.
पुन्हा वाजली.
हसली, आणि हात सवयीने वर आला तोंडावर,
मग तिथेच, हवेत, काय करावं न कळून थांबला.

मी नियम सांगितले.
सफरचंद पुढच्या दातांनी चावायचं नाही.
गरम पाणी नको.
रात्री काढून ठेवायची, पेल्यात.

रात्री?
तिने इतक्या पटकन विचारलं
की माझ्या हातातली डबी तशीच राहिली.
मग रात्री मी काय चावू?

एकवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हाताऱ्यांना रात्र म्हणजे झोप.
मी म्हणालो, काही नाही. हिरड्यांना आराम.
तिने मान हलवली, समजल्यासारखी,
डबी घेतली, आणि जिन्यावरून उतरताना
मला ऐकू आलं:
साठ, एकसष्ट.